दाताचं काम

"दाताला कुणी पुण्याला जातं व्हय? पुण्यातले दात काय येगळे असत्यात?"

आक्काबाई अंगणातल्या बाजेवर बसून हे कुणालाच उद्देशून बोलत नव्हत्या. पण सून, माया, त्यांची वेणी घालत होती. तिचा कान त्यांच्या तोंडाशी, त्यामुळे सगळं ऐकणं तिच्याच वाट्याला आलं. "उगं हेलपाटा. दौंडात एका घडीत काढून देत्यात."

"मोठी मशीन तिथंच हाय, आत्या," माया म्हणाली आणि वेणीला नको तेवढा पीळ देऊन बसली.

दात नव्हताच तो. जन्मभर मिश्री लावलेल्या गालाच्या आतली जखम होती, आणि पुण्याच्या डॉक्टरांनी तिचं नाव सम्राटला, मायाच्या नवऱ्याला, बाजूला घेऊन सांगितलं होतं. सम्राटनं घरी येऊन बजावलं, आईसमोर ते नाव काढायचं नाही. आक्काबाईंच्या धाकट्या बहिणीनं तेच नाव ऐकलं आणि पुढ्यातलं ताट सरकवलं, ते शेवटपर्यंत पुन्हा ओढलं नाही. पोपटमामाला, म्हणजे या दोघींच्या भावालाही कळू द्यायचं नाही. एका बहिणीला पोचवून आलेला माणूस, त्यात पोटात काही राहत नाही.

नाव काढायचं नाही तर त्या जागी दुसरं काहीतरी हवंच की. आईला आणि मामाला दात सांगितला. शेजारच्या साळूबाईला शुगर. कुरकुंभच्या कंपनीत सम्राटनं रजेसाठी डोळ्याचं ऑपरेशन सांगून ठेवलेलं. कुणाला काय सांगितलंय याची माया भाजी निवडतानाही उजळणी करायची. सासूबाईंना इतके आजार झाले होते की खरा कोणता हे कधीकधी तिलाच घटकाभर आठवायचं नाही.

भरती व्हायची एक तारीख आधीच हुकली होती. दवाखान्याकडं नंबर सम्राटचा, आणि सम्राटचा फोन शिफ्टभर कंपनीच्या गेटवर जमा. निरोप तिथंच वाजत राहिला. तेवढ्या दिवसांत जखम हिरडीकडं सरकली. आता आणखी लांबलं तर ऑपरेशन करता येईल असं नाही, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. आज दिवस मावळायच्या आत पोचायचं होतं.

गावच्या आशा सेविका नीलमनं चार ठिकाणी डोकं आपटून दवाखान्याची गाडी मिळवली होती. ती गल्लीत शिरत नाही, म्हणून माया वेशीपर्यंत बघायला गेली. नीलमला घेऊन परत आली तर बाजेवर नुसती फणी.

"पोपट घिऊन गेला पिकअपमधी," साळूबाई भिंतीवरनं म्हणाली. "म्हणला, दातासाठी पुणं कशाला, दौंडात स्टेशनापाशी माझ्या वळखीचा डॉक्टर हाय. मी म्हणलं, आरं, तिला शुगर हाय, दात उपटू नगं. तर मलाच म्हणतो, कसली शुगर? आता तूच सांग बाई, शुगर का दात?"

"दोन्ही," नीलम म्हणाली.

मायानं पोपटमामाला फोन लावला. दात दात म्हणून आपणच सांगितलं. भावानं बहिणीचा हेलपाटा वाचवला. यात चुकलं कुणाचं, हे तिला काही कळेना.

पोपटमामा फोन उचलेना. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे त्यानं आयुष्यात पाळलेलं एकच तत्त्व. दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "ताई, माझ्याकडं पुण्याचा कागद हाय. दौंडला जायाचं तर वर इचारावं लागंल." नीलमनं वर विचारलं. वरच्यांनी सांगितलं, पेशंट तिकडं गेलाय तर तिकडचे बघतील. तिकडचे म्हणाले, पेशंट शिरूर तालुक्यातला, आमच्याकडं नोंदच नाही. भीमेच्या पुलापलीकडं पाऊल टाकलं की माणूस कुणाचाच राहत नाही हे कसं, असं मायाला विचारायचं होतं. पण विचारायचं कुणाला?

शेवटी नीलमच्या स्कूटीवर दोघी निघाल्या. पूल ओलांडला, उसाचे ट्रॅक्टर मागं टाकले.

"वहिनी, तिथं काय सांगायचं ते आत्ताच ठरवू," नीलम वाऱ्यावर ओरडली.

"ठरवू की," माया ओरडली. दौंड आलं तरी दोघींनी काही ठरवलं नाही.

काचेवर 'जय भीम' लिहिलेली पिकअप स्टेशनाजवळ दिसली. वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आक्काबाई आडव्या, लुगड्यावर कागदी लाळेरं, तोंडावर दिवा. डॉक्टर तरुण होता. हातातली बॅटरी त्यानं विझवली होती आणि पकडीला हात लावला नव्हता.

"घरचं कोण?" त्यानं विचारलं.

"मी भाऊ की! मघापास्नं हाय," पोपटमामा म्हणाला. "आन् ह्ये म्हणत्यात काढता येत न्हाई. आवं, डॉक्टरसाहेब, एक दात तर हाय!"

"मामा, हे दाताचं नाही. पुण्यालाच दाखवा. आजच."

"सारखं पुणं, पुणं!" आक्काबाई उठून बसल्या. लाळेरं ओढून काढलं. "मी जायाची न्हाई. दात न्हाई म्हणतो ह्यो. माया म्हणती दात हाय. साळी म्हणती शुगर. तिकडं न्हिऊन माझं काय करणार हाय ते कुणी सांगत न्हाई. काय हाय ते सांगा, न्हाईतर घरी सोडा मला."

डॉक्टर उगाच हात धुवायला गेला. पोपटमामा भिंतीवरचं दातांचं चित्र बघत राहिला. हलक्यानं म्हणाला, "चल की आक्का. मी नेतो. तपासायचंच तर हाय."

"काय तपासायचं?"

नीलमनं मायाकडं पाहिलं. मायानं सम्राटला फोन लावला. गेटवर वाजत राहिला.

त्या घरात आजवर मायानं सासूला विचारल्याशिवाय डाळीत मीठ टाकलं नव्हतं. ती खुर्चीपाशी खाली बसली. आक्काबाईंचे पाय तिथून लोंबत होते. त्यातला एक तिनं हातात धरला.

"आत्या, त्यो क्यान्सर हाय. मावशीला झालता त्योच. आज गेलो तर काढत्यात म्हणलेत."