दोन शब्दांची ओळ

आनंदीबाईंची पहिली कादंबरी ई-बुक होऊन आली, तेव्हा त्यांनी ती सगळ्यांत आधी थोरल्या बहिणीला पाठवली. निशाताईंची नजर अधू झाली होती. टॅबवर अक्षर मोठं करून त्या वाचायच्या. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला.

"आनंदी, एका ओळीत दोनच शब्द मावतायत गं. वाक्य संपेस्तोवर सुरुवात विसरते. डोळेच गेले बाई माझे. ठेवलं बाजूला."

आनंदीबाईंनी उघडून पाहिलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन्ही बाजूंना हे एवढाले समास! अक्षर वाढवलं की तेही फुगायचे आणि मजकूर मधल्यामध्ये चेपला जायचा. शिवाय परिच्छेदाची पहिली ओळ आत घेण्याऐवजी प्रत्येक परिच्छेदानंतर एक कोरी ओळ. कादंबरीतले नवरा-बायको कडाकडा भांडत होते. इथे मात्र दोघं दर वाक्यानंतर चहा पिऊन येत असावीत असं वाटत होतं.

ई-बुक काढणाऱ्या कंपनीत फोनवर कोणी दाद देईना. मग कर्वेनगरहून दोन बस बदलून त्या हिंजवडीला कंपनीच्या ऑफिसात थडकल्या. पुस्तकाची मांडणी सलिल नावाच्या तरुणानं केली होती.

"मॅडम, आमचं स्टँडर्ड टेम्प्लेट आहे. व्हाइट स्पेस असली की प्रीमियम वाटतं."

"कोणाला?"

"रीडरला."

"तुम्ही वाचलंत?"

"फॉरमॅटिंगसाठी वाचावं लागत नाही."

"मग आता वाचा." त्यांनी अक्षर निशाताईंच्या मापाचं केलं आणि टॅब पुढे सरकवला. "मोठ्यानं."

सलिल वाचायला लागला. तिसऱ्या ओळीला अडखळला, पान उलटलं, पुन्हा मागे गेला.

"तुमचे डोळे तर धड आहेत ना?" आनंदीबाईंचा आवाज चिरकला. "माझी बहीण स्वतःच्या डोळ्यांना दोष देत बसलीय. तुमच्या समासांपायी!"

आवाज ऐकून आतून साहेब आले. गोड हसून म्हणाले, "आपण ज्येष्ठांसाठी वेगळी आवृत्ती काढू या."

"वेगळी पंगत नको. त्याच पंगतीत नीट वाढा. नाहीतर पुस्तक काढून टाका. तोवर मी इथेच बसते."

त्या खरंच बसल्या. साहेब मीटिंगला निघून गेले. सलिलनं मात्र मुकाट्यानं फाइल उघडली, समास काढून टाकले, पहिली ओळ जराशी आत घेतली. कोरी ओळ प्रसंग बदलतो तिथेच ठेवायची, हे कळण्यासाठी त्याला कादंबरी वाचावी लागली. संध्याकाळ झाली.

"बाकीच्या पुस्तकांचं काय?" निघताना त्यांनी विचारलं.

"ती टेम्प्लेटवरच राहणार, मॅडम."

परतीच्या बसमध्ये ते वाक्य त्यांना टोचत राहिलं.

चार दिवसांनी निशाताईंचा फोन आला. "वाचली गं सगळी. झरझर वाचता आली."

"आवडली?"

"मधला भाग रटाळ आहे."

"ताई!" आनंदीबाई कडाडल्या आणि तावातावानं मधल्या भागाची बाजू मांडू लागल्या.