कॅन्ससच्या डेऱ्यातलं लोणी

मित्रांनो, दुबईत छत्री कितीदा लागते? वर्षातून एखादवेळ. आणि मी, लोणी काढण्यासाठी घडवलेला ओकचा लाकडी डेरा, तिथल्या मरीना भागात विसाव्या मजल्यावर बारा वर्षं छत्र्या धरून उभा होतो! हसू आलं ना? येऊ दे.

माझं वय दीडशेच्या वर. फळ्या एकमेकींना बिलगवून, वरून लोखंडी कड्या ठोकून मला घडवलं. ना खिळा, ना डिंक. हायरम आणि अबिगेल या शेतकरी जोडप्याने मला गाडीत घातलं आणि ती दोघं अमेरिकेतल्या कॅन्ससच्या माळाकडे निघाली. तिथली जमीन रिकामी आहे, असं म्हणत. रिकामी कसली! तिथून मूळच्या आदिवासींना हुसकावलं होतं, हेही सांगायलाच हवं. वाटेत सकाळी माझ्यात साय ओतली की गाडीच्या हिसक्यांनीच संध्याकाळी लोणी तयार व्हायचं.

मग मातीच्या ढेकळांचं घर झालं, चार मुलं झाली आणि एका वर्षी टोळधाड आली. मका गेला, गहू गेला, टोळांनी पडदेसुद्धा सोडले नाहीत. उरली एक गाय आणि मी. त्या हिवाळ्यात माझं लोणी देऊन अबिगेलने पीठ आणलं आणि चारही मुलं जगली. पुढचा सगळा वंश त्या लोण्यामुळेच उभा राहिला. मी फुशारकी मारणारच!

पुढे यंत्रं आली आणि मी अडगळीत पडलो. हायरमची खापरपणती क्लारा दुबईत शिक्षिका झाली, तिने आठवण म्हणून मला आणलं खरं, पण छत्र्या ठेवायला दारात उभं केलं आणि एसीच्या हवेने माझ्या फळ्या आक्रसल्या. घर बदलताना तिने मला चंद्रहासच्या हवाली केलं. तो शारजात इंटिरियरची कामं घेतो. बुडाला तीन भोकं पाडायची आणि माझी कुंडी करायची, असं ठरलं. भोकं पडली की मी डेरा म्हणून कायमचा संपणार होतो. माझा जीव टांगणीला लागला.

चंद्रहासने मला घरी नेलं. त्याच्या बायकोने, लतिकाने, झाकणातल्या भोकातून वर आलेली दांडी पाहिली आणि ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ही तर रवी, फक्त फिरवायची नाही, वरखाली करायची, हे तिने लगेच ओळखलं. तिने माझ्यात पाणी ओतलं. अरेरे! सगळं पाणी फरशीवर. लेक ऋता म्हणाली, "मम्मी, इट्स ब्रोकन." चंद्रहासने ड्रिल उचललं. "खलास झालंय हे, लतिका."

"थांबा हो जरा," लतिका म्हणाली. "माझे वडील गाडीची चाकं करायचे. सुकून खिळखिळं झालेलं चाक ते ओढ्यात बुडवून ठेवायचे. लाकूड पाणी प्यालं की फुगतं."

शारजात ओढा कुठला? तिने मला बाथटबमध्ये बुडवलं. ऋता तीन दिवस कुरकुरत बादलीने आंघोळ करत होती. मी मात्र घटाघटा पीत होतो. एकेक फळी शेजारणीला भिडत गेली, कड्या घट्ट झाल्या. चौथ्या दिवशी लतिकाने मला घासूनपुसून साय भरली. फरशी कोरडी! लोण्याला गारवा हवा म्हणून तिने एसी अठरावर नेला आणि रवी हाणायला सुरुवात केली.

कुंडी न्यायला आलेल्या क्लाराने दारातच तो आवाज ऐकला. तिला नवल वाटलं. लतिकाने तिच्या हाती रवी दिली, वर स्वतःचा हात ठेवला. आणि आलं, मित्रांनो, लोणी आलं! चांगला मुठीएवढा गोळा. गरम भाकरीवर तो वितळताना पाहून क्लारा रडली. तिच्या घरात तीन पिढ्यांनी माझ्यातलं लोणी चाखलं नव्हतं. तिने ड्रिलचा प्लग स्वतःच्या हाताने काढून टाकला.

आता दर शनिवारी लतिकाच्या घरी मी कामावर असतो. म्हणून सांगतो, बाळांनो, गळणाऱ्याला फुटका म्हणण्याआधी एकदा पाणी पाजून बघा. मी फुटलो नव्हतो रे, मला तहान लागली होती.