बाबांचे कान गेले

मी एका अर्जाचा पहिला मसुदा बोलतोय. वरच्या शिक्षणाला जाताना 'मला हेच का शिकायचंय' असं विद्यापीठाला लिहून द्यावं लागतं ना, त्याचा. आता माझ्या अंगावर अक्षरांपेक्षा लाल शाई जास्त आहे.

या घरच्या थोरल्या पोरीनं मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका बैठकीत लिहिलं. तिचे बाबा छत्तीस वर्षं खिळे पाडायच्या कारखान्यात होते. तिथल्या खडखडाटानं ते पार बहिरे झाले. म्हणून पोरीला यंत्रांचा आवाज कमी करायचं शास्त्र शिकायचं होतं. माझं पहिलं वाक्य होतं, 'बाबांचे कान गेले तेव्हा मी नववीत होते.' साधं होतं, पण खरं होतं. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

मग मी अर्ज तपासून देणाऱ्या सरांच्या हाती पडलो.

"कान गेले, यात काय विशेष?" सर म्हणाले आणि त्यांनी 'बाबांचे कान' खोडून वर नुसतं 'बाबा' लिहिलं. "आता वाच. 'बाबा गेले.' वजन आलं की नाही?"

"पण सर, ते घरी आहेत."

"विद्यापीठातून कोण बघायला येतंय?"

मला वाटलं, ही मला उचलेल आणि तडक निघेल. पण दोन वर्षं नकार पचवलेली पोर ती. तिनं मुकाट्यानं नवी प्रत टाइप केली.

प्रवेश मिळाला. पाकीट बाबांनीच फोडलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. आपला आवाज किती चढतो हे त्यांना कळत नाही. "तुमचे दिवंगत वडील आज असते तर त्यांना अभिमान वाटला असता." अख्ख्या जिन्यानं ऐकलं. त्यांचं बोट 'दिवंगत'वरच थांबलं.

पोरीनं घाईघाईनं मला पुढे केलं, सरांची लाल रेघ दाखवायला. माझा असाही उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

"रेघ त्यांची," बाबा म्हणाले. "टाइप कुणी केलं?"

ती शिकायला गेली त्याला आता चार महिने झाले. मी टेबलाच्या खणात पडून आहे. तिचे निरोप रोज येतात: जेवलात का, औषध घेतलंत का. पोरी, निरोप पुरे. एकदा ये आणि त्यांच्यासमोर बस. माझ्यासारख्या खोडलेल्या कागदाचं एवढं ऐक.

आजही आईनं फोन त्यांच्यापुढे धरला आणि खुणेनं विनवलं, एक ओळ तरी पाठवा.

"गेलेल्या माणसानं काय पाठवायचं?" बाबा म्हणाले. तेही अख्ख्या जिन्याला ऐकू गेलं.