शरणम्माची दोन बोटं

लातूरची माणसं मला छोटी गिटार म्हणतात. म्हणोत बापडी. मी युकुलेले आहे. चार तारा, त्याही नायलॉनच्या. खोक्यातून आले आणि गंजगोलाईजवळ अकरमभाईंच्या दुकानात भिंतीवर चढले. परीक्षांच्या क्लाससाठी बाहेरगावाहून आलेली मुलं दुकानात शिरली की फुलाफुलांची निळी युकुलेले मागायची. माझा रंग साधा, लाकडाचाच. दोन वर्षं मी धूळ खाल्ली.

मग शरणम्मा आली. क्लासच्या मुलींसाठी ती मेस चालवायची. सोबत देगलूरची रुखसार होती. ती तिच्याकडेच राहून डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत होती.

"चाचा, मावशीला काहीतरी वाजवायला शिकायचंय," रुखसार म्हणाली.

शरणम्मानं डावा हात पदराखाली धरला होता. अकरमभाईंनी विचारलं तेव्हा कुठे तो बाहेर आला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ताठ, वळतच नव्हती. त्र्याण्णवच्या भूकंपात, किल्लारीजवळच्या तिच्या गावात, भिंतीचा दगड त्या हातावर पडला होता. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. वडील मलप्पा त्याच घरात गेले. मठात भजनाला पेटी तेच वाजवायचे. पुढे शाळेत तिनं पेटीला हात लावला, तर गुरुजी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्यानं न्हाई व्हायचं." त्यानंतर तिनं कुठल्याच वाद्याला हात लावला नव्हता.

अकरमभाई हळहळले नाहीत. "अंगठ्याजवळची ही दोन बोटं वळतात ना, अक्का? मग झालं."

रुखसारनं निळी काढून दिली.

"दिसायला झकास हाय," अकरमभाई म्हणाले, "पण हिच्या खुंट्या घसरून राहिल्या. सूर टिकत न्हाई. शिकणाऱ्याला वाटतं आपलंच चुकलं, अन् तो सोडून देतो."

मग सगळ्यात लहान दिली. तिच्या अरुंद पट्टीवर शरणम्माची बोटं एकमेकांत अडकली. मोठी दिली, तर हात पुरेना. शेवटी त्यांनी मला खाली काढलं, फडक्यानं पुसलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

"तार दाबा. दुखतंय?"

"न्हाई."

"तार पट्टीपासून लई उंच असली की बोट सोलतं. ही बरोबर हाय. आता खालच्या तारेवर, तिसऱ्या घरात एकच बोट ठेवा अन् चारी तारा छेडा."

तिनं छेडल्या. पहिल्यांदा खर्रकन आवाज झाला. दुसऱ्यांदा मी पूर्ण वाजले.

"हे मी वाजवलं?" तिनं रुखसारकडे बघून विचारलं.

"हाव, अक्का. एका बोटात एवढं. दोन बोटांत पुष्कळ गाणी बसतात."

घरी जाताना ती मला छातीशी धरून चालली. डावा हात झाकायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

पहिले आठ दिवस माझ्या कधी न वाजलेल्या तारा सारख्या उतरायच्या. ती घाबरायची. रुखसार फोनवर सूर बघून मला जुळवून द्यायची. दुपारी मुली जेवून क्लासला गेल्या की शरणम्मा लसूण बाजूला सारून मला घ्यायची. तिच्या हाताला फोडणीचा वास असायचा. मला तो आवडायचा.

पुढच्या वर्षी रुखसारचा निकाल लागला. ती नापास झाली. तिनं खोलीचं दार लावून घेतलं, ते दोन दिवस उघडेना. दाराबाहेर ठेवलेली ताटं तशीच परत यायची. शरणम्मानं हाका मारून पाहिल्या, रडूनही पाहिलं. तिसऱ्या दिवशी ती मला घेऊन दाराला टेकून बसली आणि वाजवत राहिली. एका ठिकाणी मी दरवेळी बेसूर व्हायचे. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच चूक. तासभर असंच चाललं.

"मावशी," आतून बसका आवाज आला, "तिथं मधलं बोट वरच्या तारेवर ठेवा ना."

"मला कसं कळावं गं? तूच येऊन दाखव."

कडी वाजली. रुखसारनं शरणम्माचं बोट धरून नीट तारेवर ठेवलं. मग तिथंच उंबऱ्यावर बसून ती दोन भाकरी जेवली. शरणम्मा वाजवत राहिली. त्याच्या पुढच्या वर्षी रुखसारला नांदेडच्या कॉलेजात जागा मिळाली.

त्यालाही बरीच वर्षं झाली. गेल्या साली शरणम्मा आपल्या म्हाताऱ्या मावशीला, सरजाबाईला, सांभाळायला गावी गेली. मेस आता तिची भावजय बघते. निघताना मुलींनी मला तिच्या पिशवीत घातलं, तर तिनं बाहेर काढलं. "हिला हितंच राहू द्या. हितं कुणाची ना कुणाची दारं लागत असतात." मग माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मागं न बघता रिक्षात बसली.

इथल्या उन्हाळ्यानं माझ्या पोटावर बारीक चीर पडली आहे. आवाज जरा बसला आहे. मुली येतात, दोन वर्षांनी निघून जातात, त्यांची नावंही मला नीट पाठ होत नाहीत. पोरींनो, एवढंच मागते. माझ्यासाठी कुणी वेगळा वेळ काढू नका. भात शिजेपर्यंत, कपडे वाळेपर्यंत मला खिळ्यावरून खाली घ्या. बेसूर वाजवलंत तरी माझी तक्रार नाही.