कपाटातलं पिस्तूल

म्हशीचा मागचा पाय साखळीत अडकवून तिला वर ओढलं होतं आणि सुरीवाला तिच्या गळ्याशी वाकला होता. तपासनीस बाईंनी पुढे होऊन तिच्या बुबुळाला हलकेच बोट लावलं. पापणी मिटली, उघडली आणि पुन्हा मिटली.

"सुरी मागे घे," बाई म्हणाल्या. "ही जागी आहे."

सुरीवाल्याला त्यात नवीन काही वाटलं नसावं. खांदे उडवून तो बाजूला झाला. त्या खांदे उडवण्यानेच बाईंचं डोकं फिरलं.

नियम साधा होता. कपाळावर पिस्तूल टेकवून चाप ओढला की आतला लोखंडी खिळा सुटतो आणि जनावर जागच्या जागी बेशुद्ध पडतं. मग साखळी, मग सुरी. पापणी हलली तर पुन्हा पिस्तूल. या कत्तलखान्यात हे पाळलं जातंय का, एवढंच बघायला सरकारने बाईंना नेमलं होतं.

पिस्तूलवाला धावत आला. पन्नाशीचा, कामापुरतं बोलणारा माणूस. त्याने चाप ओढला, तर नुसता ठक्क असा पोचट आवाज झाला. म्हैस घशातून रेकली. त्याने पुन्हा ओढला, ती पुन्हा रेकली. तिसऱ्या वेळी ती ढिली पडली. बाईंनी भिंतीवरचं लाल बटण दाबून जनावरं पुढे सरकवणारी अख्खी साखळी बंद केली.

"किती दिवस चाललंय हे?"

"दोन महिने झाले. स्प्रिंग गेलीय, बाई. साहेबांना तीनदा सांगून झालं."

"मला का नाही सांगितलंस?"

पिस्तूलवाल्याने फडक्याला हात पुसले. "या वेळेला तुम्ही वर चहाला असता."

तो अगदी सरळपणे बोलला, पण बाईंच्या कानाखाली वाजल्यासारखं झालं. वर म्हणजे मॅनेजरच्या खोलीत, आणि मॅनेजर म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बाई इथे बदलून आल्यापासून रोज सकाळी भावजी जिन्यावरून हाक मारायचे, "ये गं, आधी चहा घे. जनावरं कुठे पळून जातायत?" चहाबरोबर तपासणीचा तक्ता यायचा. बाई सगळ्या रकान्यांत 'ठीक' लिहायच्या आणि सही ठोकून द्यायच्या. आज भावजींना यायला उशीर झाला, म्हणून त्या थेट खाली उतरल्या होत्या.

"दुसरं पिस्तूल नाहीच का?"

"आहे की. नवंकोरं. साहेबांच्या कपाटात."

"कपाटात काय करतंय?"

"बाहेरगावचे खरेदीदार बघायला आले की काढतात. ते गेले की परत आत."

बाई चिखलाच्या बुटांनीच जिना चढल्या. भावजी नुकतेच आले होते, खुर्चीला कोट अडकवत होते.

"साखळी का बंद आहे गं?"

"कपाटाची किल्ली द्या."

"आधी बस. पाणी पी."

"किल्ली, भावजी."

"अगं, मरायलाच आणलेली जनावरं ती. अर्ध्या मिनिटाचा काय तो फरक. तेवढ्यासाठी सत्तर माणसं हातावर हात ठेवून बसवलीस?"

"ते अर्धं मिनिट एकदा तुमच्या गळ्याशी येऊ दे. मग सांगा मला, केवढं होतं."

भावजींचा चेहरा लालबुंद झाला. किल्ली द्यायचं सोडून त्यांनी फोन उचलला, बाईंच्या वरिष्ठांना लावला, दोन वाक्यं बोलले आणि रिसीव्हर त्यांच्यापुढे धरला.

"बाई, उगाच ताणू नका," वरिष्ठ म्हणाले. "चालू करा साखळी. दुरुस्तीचं सावकाश बघू."

"करते. फक्त जाग्या जनावराच्या गळ्यावर सुरी चालवायला हरकत नाही, एवढं लेखी पाठवा."

"असं मी कुठे म्हटलं?"

"मग साखळी बंदच राहील."

 पलीकडून फोन कट झाला.

तेवढ्यात पिस्तूलवाला दारात येऊन उभा राहिला. आत येऊन त्याने जुनं पिस्तूल टेबलावर, भावजींच्या कागदांवर ठेवलं. "हे मी आता हातात धरणार नाही, साहेब." त्या पाळीत चाप ओढायचा परवाना एकट्या त्याच्याकडे होता. भावजी त्याच्याकडे आणि बाईंकडे आळीपाळीने बघत राहिले. शेवटी त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर भिरकावली.

साखळी सुरू झाली तेव्हा बाई पिस्तूलवाल्याच्या शेजारीच उभ्या होत्या. एक चाप, एक म्हैस. गुडघे दुमडून ती खाली बसायची, आणि बुबुळाला बोट लावलं तरी पापणी जागची हलायची नाही. प्रत्येक म्हशीगणिक बाईंचा राग निवायच्या ऐवजी चढतच गेला. एवढं सोपं होतं हे. दोन महिने हे एका कपाटात कुलपाआड पडलं होतं, आणि त्या कपाटाला पाठ टेकून आपण बिस्किटं खात होतो.

दुपारी त्या अहवाल लिहायला बसल्या. मॅनेजरचं नाव, पद, कपाट, किल्ली, सगळं लिहिलं. मग जुने तक्ते काढले. त्रेचाळीस निघाले, सगळे त्यांच्या वळणदार अक्षरातले. त्यांनी खाली लिहिलं, 'या त्रेचाळीस दिवसांची तपासणी मी केलेली नाही. मॅनेजरच्या खोलीत बसून सह्या केल्या.' लिहिताना पेन इतकं दाबलं गेलं की कागद फाटला. त्यांनी दुसरा कागद घेतला आणि तेच पुन्हा लिहिलं.

महिन्याभरात भावजी निलंबित झाले. बाईंना ठपका मिळाला आणि त्यांची बढती अडली. मग ताईचा फोन आला.

"स्वतःचं नाव लिहायची हौस होती, तर लिहायचंस. त्यांचं कशाला?"

"ताई, पिस्तूल कपाटात होतं गं."

"म्हशींसाठी बहिणीच्या संसारावर उठलीस तू."

"तू एकदा खाली येऊन बघ. एकच म्हैस बघ, मग बोल."

ताईने फोन ठेवला. ती आली नाही. पुढे आई आजारी पडली तेव्हा दोघी दवाखान्यात समोरासमोर बसल्या. ताई औषधांच्या वेळा तेवढ्या बोलली, बाईही तेवढंच बोलल्या. ताईची माफी मागावी असं त्यांना एकदाही वाटलं नाही. मागायची होती ती त्या त्रेचाळीस दिवसांतल्या जनावरांची, आणि त्यांतलं एकही आता ऐकायला उरलं नव्हतं.