अस्तर लावलेला फुगा

शिंप्याने मिशी पणाला लावली होती. दुकानाच्या वाढदिवसाला आपण स्वतः शिवलेला गरम हवेचा फुगा उडवू, नाही उडाला तर सगळ्यांदेखत मिशी उतरवा, असं तो मेहुण्याला बोलून बसला. मेहुणा न्हावी असल्यामुळे प्रकरण बोलण्यावर थांबलं नाही.

उन्हाचीही मदत होईल म्हणून मुहूर्त भर दुपारचा. शेगडीवर धरताच फुगा फुगला, जेवण जड झालेल्या पाहुण्यासारखा जरा हलला आणि खाली बसला.

"दाजी, पाणी तापत ठेवू?" मेहुण्याने आपुलकीने विचारलं.

शिंप्याची बायको शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून घरात तिचं कुणी ऐकत नसे. "अहो, गरम हवा पसरते, विरळ होते. तेवढीच जागा भरणाऱ्या बाहेरच्या हवेपेक्षा ती जेवढी हलकी, तेवढंच ओझं उचलते. दुपारी बाहेरचीही तापलेली. फरक उरला कुठे? पहाटे गारव्यात उडवा. आणि हे काय, फुग्याला अस्तर?"

"बिनअस्तराचं काम माझ्या दुकानातून जात नाही."

"आणि शिवणीत चार बोटं कापड दुमडलंय ते?"

"उद्या अंगाने भरला तर सोडायला नको?"

"फुगा?"

"सगळी गिऱ्हाइकं आधी अशीच हसतात."

मेहुण्याने ताईच्या तोंडाकडे बघून एका सकाळची मुदत दिली. शिंपी रुसून झोपला. पहाटे बायकोने अस्तर उसवलं, जादा कापड कचाकच कापलं आणि शेगडी पेटवली.

शिंपी डोळे चोळत बाहेर आला, तेव्हा गल्ली जमली होती आणि मेहुणा त्याच्या मिशीला फेस लावायला टपलेला होता. फेस लागला आणि फुगा सुटला. सरळ वर, दोरी ताणून, छपरांच्याही वर. टाळ्या पडल्या. मेहुण्याचा चेहरा उतरला.

एवढ्यात बेकरीवाली मान वर करून ओरडली, "अहो मास्तर, आतली शिवण सगळी उघडी! दोरे लोंबतायत! माझ्या कोटालाही असंच करता की काय?"

गल्लीने माना वर केल्या. प्रत्येकाच्या अंगावर शिंप्याने शिवलेलं काही ना काही होतंच. जो तो ते उलटून बघू लागला.

"छे, छे! असलं काम माझं नव्हे," शिंपी गरजला. "हा फुगा माझा नाहीच!"

"ऐकलंत?" मेहुण्याने वस्तरा उघडला. "म्हणजे दाजींचा तो कालचाच. बसलेला."

"अहो, माझा म्हणा! मिशी जाईल!" बायको कळवळली.

शिंप्याने एकवार गल्लीकडे बघितलं.

"मिशी पुन्हा येते," तो म्हणाला आणि हनुवटी वर केली.