तीन कोट आणि पाचवं गाणं

मित्रांनो, कपाटाला ऐकू येतं हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मला येतं. फक्त बोलता येत नाही. आणि माझी सगळी कहाणी त्या एका अडचणीची आहे.

मी आहे एक जुनं लाकडी कपाट, दोन दारांचं. एका सुतारानं मला स्वतःच्या मुलीच्या लग्नासाठी बनवलं. घाईघाईत बनवलं, म्हणून उजव्या दाराची बिजागरी पहिल्या दिवसापासून कुरकुरते. सुतार ती बदलणार होता. मुलगी म्हणाली, "राहू दे बाबा, त्या घरात बोलणारं कुणीतरी हवं." कारण नवरा मुलखाचा अबोल होता.

तो शीतगृहात कामाला होता. दिवसभर बर्फाळ गारठ्यात खोकी उचलायची. त्यासाठी त्याच्याकडे तीन जाड कोट होते. रोज संध्याकाळी सहाला तो यायचा, अंगातला कोट माझ्यात टांगायचा, आणि माझ्या आत थोडा वेळ हिवाळा व्हायचा. मला ते फार आवडायचं.

मुलगा झाला तोही बापासारखाच. घरात त्याला घुम्याच म्हणायचे. हो, नाही, भूक लागली, एवढ्यावर त्याचा दिवस निघायचा.

घुम्या सतरा वर्षांचा असताना बाप शीतगृहातच कोसळला. परत आला तो फक्त अंगातला कोट. घडी घालून, पिशवीतून.

त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. आई कोपऱ्यात बसली होती. रडली नाही. फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. घुम्या तिच्याकडे बघत होता. ते त्यानं कुठेतरी आत ठेवून दिलं.

आता मी सांगतो ते नीट ऐका, कारण हे मला एकट्यालाच माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी घुम्या आंघोळीला गेला, नळ धो धो सुरू झाला, की आई यायची. माझं दार हळूच उचलून उघडायची, म्हणजे बिजागरी ओरडू नये. मधल्या कोटाची बटणं सोडायची, तोंड आत खुपसायची आणि रडायची. दहा मिनिटं. नळ बंद झाला की दार बंद. मग कामाला. ती एका दुकानात कपडे लहानमोठे करून द्यायची.

असं चार वर्षं चाललं.

आणि दुपारी, ती दुकानात असताना, घुम्या माझ्यात शिरायचा! खरंच. त्याला रॅप करायचं होतं. स्टुडिओ कुठून आणणार? त्या जाड कोटांमध्ये आवाज घुमत नाही हे त्याला कळलं. मग माइक हँगरला बांधला, दारं लावून घेतली, गुडघे वाकवून अंधारात उभा राहिला आणि बोलायला लागला. बापरे, काय बोलायचा! चार वर्षांत साठलेलं सगळं. घामाने निथळायचा. त्याचा मित्र पोपट बाहेर लॅपटॉप घेऊन बसायचा आणि म्हणायचा, "अरे बाहेर ये, मरशील. काकू मला धरतील."

नऊ गाण्यांचा अल्बम झाला. नाव 'आतल्या आत'. पहिल्याच गाण्यात बापाचे कोट होते. त्यातलं पाचवं गाणं आईवर होतं.

"बाप गेला त्या दिवशी घरात कुणी रडलं नाही,
आईनं घड्याळ पाहिलं, तिचं काहीच अडलं नाही."

मी त्याच्या कानाशी लाकूड होऊन उभा होतो. सकाळचे अश्रू अजून कोटात ओले होते. त्याच कोटाला पाठ टेकून तो हे म्हणत होता. मला ओरडायचं होतं. बिजागरी कुरकुरली तेवढी.

पोपट म्हणाला, "राहू दे तो आवाज. भारी येतोय."

अल्बम इंटरनेटवर आला. आधी कुत्रंही विचारेना. मग एकाने लिहिलं, 'नुसतं रडगाणं.' दुसऱ्याने लिहिलं, 'आवाज डब्यात बसून काढल्यासारखा.' मला लागलं ते. डबा? आणि मग पेपरातल्या मोठ्या समीक्षकानं अर्धं पान लिहिलं. साडेचार तारे. 'या वर्षीचं सगळ्यात काळंकुट्ट आणि सगळ्यात प्रामाणिक पदार्पण.' माझ्या बिजागरीला तो 'फासाच्या दोराचा करकरणारा आवाज' म्हणाला. अहो, तेल मागत होती ती! पण खरं सांगतो, मी फुगलो. घुम्याला मी पहिल्यांदा खोलीत नाचताना पाहिलं.

त्या लेखाचा मथळा होता, 'न रडलेली आई'.

घुम्यानं आईला अल्बम ऐकवलाच नव्हता. म्हणाला होता, "तुला नाही कळायचं ते." तिला कळलं ते दुकानात तिच्या शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या बाईकडून. ती बाई रविवारी पेपर घेऊन घरी आली. "अगं, लेकाने पेपरात आणलं की तुला!" आणि हौसेनं सगळं वाचून दाखवलं. 'ही पाषाणहृदयी आई या अल्बममधलं सर्वात थरारक पात्र आहे.' आणि पुढे, 'मेलेल्या बापाच्या कोटांमध्ये गुदमरणारा मुलगा.'

वाचता वाचता बाईचा आवाज खाली येत गेला. आई म्हणाली, "छान लिहिलंय. चहा घेणार ना?"

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यातले दोन कोट काढले. शीतगृहातली माणसं येऊन घेऊन गेली. तिसरा, मधला, तिने तीनदा काढला आणि तीनदा परत टांगला.

दुपारी घुम्या माझ्यात शिरला. एक ओळ म्हणाला आणि थांबला. आवाज पोकळ येत होता. संध्याकाळी ती आल्या आल्या ओरडला, "कोट कुठेत? विचारायचं तरी!"

"मला कुठे विचारलंस तू?"

एवढंच. ती स्वयंपाकघरात गेली.

तो माझ्यासमोर बसला. मग तिसरा कोट उतरवून त्यानं उलगडला. आतलं अस्तर एका जागी कडक झालेलं. पांढुरके डाग. तिच्या क्रीमचा वास. अस्तरात अडकलेली केसांची एक पिन. त्यानं कोट परत टांगला आणि त्या डागावर गाल टेकवून पाहिला. त्यासाठी त्याला गुडघे वाकवावे लागले. घरात तेवढ्या उंचीचं एकच माणूस होतं.

तो स्वयंपाकघराच्या दारात गेला. "आई, कधी?"

"तू आंघोळीला गेलास की. नळाचा आवाज असायचा."

"माझ्यासमोर का नाही?"

"तू आणखी गप्प झाला असतास."

"आणि त्या दिवशी घड्याळ...?"

"सहा वाजत आले होते रे. त्यांची यायची वेळ."

त्यानं समीक्षकाला लिहिलं. 'ते खरं नव्हतं, मथळा बदला.' उत्तर आलं, 'मित्रा, गाणं आता तुझं राहिलेलं नाही. ती ओळ तुझी सर्वोत्तम आहे.' त्यानं पाचवं गाणं काढून टाकलं. लोकांनी जुनी कॉपी पुन्हा चढवली. समीक्षकानं नवीन लिहिलं, 'घाबरून अल्बमचा कणाच काढला.' दुकानात गिऱ्हाइकं तिला विचारायची, "त्या तुम्हीच का?" ती म्हणायची, "लांबी किती ठेवू?"

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला गाण्यातलं कळत नाही. पण ज्याच्याबद्दल लिहाल, त्याला आधी वाचून दाखवा. जग टाळ्या वाजवायच्या आधी. नंतर ते पुसायला गेलात तर हात दुखतात, डाग जात नाही.

आताशा घुम्या आंघोळीला जाताना माझं उजवं दार उघडं ठेवून जातो. बिजागरीला तेलही घातलंय त्यानं. न्हाणीघरात जाऊन नळ पूर्ण सोडतो आणि तसाच बसून राहतो. अर्धा अर्धा तास. पाणी अंगावर घेत नाही. मला पाण्याच्या आवाजावरून कळतं.

कोट मधोमध टांगलेला असतो. बटणं सोडलेली.

ती येत नाही. स्वयंपाकघरातूनच हाक मारते, "घुम्या, पाणी वाया जातंय रे."